पावणेदोन व्होल्ट

सातपूरच्या ज्या कारखान्यात मी बाविसाव्या वर्षी नोकरीला लागले, तिथल्या टेस्टिंग सेक्शनमध्ये नव्या माणसाची परीक्षा पहिल्याच दिवशी आणि सगळ्यांसमोर व्हायची. लेखी काही नसे. सेक्शनचे साहेब भिंतीजवळच्या टेबलावर एक लाकडी फळी ठेवायचे. फळीवर दोन सारखे रेझिस्टन्स एकापुढे एक जोडलेले आणि दोन टोकांना बारा व्होल्टचा सप्लाय. मग ते विचारायचे, "मधल्या जोडावर किती व्होल्ट?"

उत्तर शाळेतल्या पोरालाही देता येईल. दोन्ही रेझिस्टन्समधून करंट एकच जातो. करंट गुणिले रेझिस्टन्स म्हणजे व्होल्टेज. रेझिस्टन्स सारखे, तर व्होल्टेजही सारखं वाटलं जाणार, आणि दोन्ही तुकड्यांची बेरीज बारा आली पाहिजे. म्हणजे सहा. माणूस सहा म्हणायचा आणि साहेब त्याच्या हातात मीटर द्यायचे. "मोजून दाखव."

मीटरचा काटा दोनपर्यंतही जायचा नाही.

ही गंमत होती. फळीवरचे रेझिस्टन्स मुद्दाम फार मोठे, दहा-दहा लाख ओहमचे घेतलेले असत. आपण वापरतो त्या काट्याच्या मीटरलाही स्वतःचा रेझिस्टन्स असतो, आणि मोजताना तोही त्या जोडणीत सामील होतो. मीटर टेकवला की मधल्या जोडावरचं व्होल्टेज तो स्वतःच खाली ओढतो. मीटर काढला की तिथे पुन्हा सहा. म्हणजे पुस्तक खरं, काटाही आपल्यापरीनं खरा, आणि मधे उभा असलेला माणूस घामाघूम. कुणी म्हणायचं सप्लाय उतरलाय, कुणी म्हणायचं रेझिस्टन्स खराब आहे, कुणी आपलं सहा हे उत्तरच मागे घ्यायचं. मागे घेणाऱ्याला साहेब सगळ्यांत जास्त झोडायचे.

साहेब देवळालीच्या लष्करी वर्कशॉपमधून निवृत्त होऊन आले होते. वायरलेस सेट दुरुस्त करण्यात त्यांची वीस वर्षं गेली होती. ठेंगणे, इस्त्रीची खाकी पँट, कानावर पेन्सिल. मराठी बोलताना मधेच हिंदीत शिरायचे आणि हिंदीत शिरले की समजायचं, आता कुणाचं तरी काही खरं नाही. त्यांना विषय येत होता, हे मी आजही मान्य करते. दुसऱ्याला न येण्यात त्यांना जी मजा वाटायची, ती मात्र मी नंतर फारच थोड्या माणसांत पाहिली. त्यांतली एक मला चांगली ओळखीची आहे, कारण ती मीच.

परीक्षेची ही सगळी हकीकत मला नोकरीवर जाण्याआधीच्या रविवारी कळली होती. माझा आतेभाऊ त्याच सेक्शनमध्ये वर्षभर काढून बाहेर पडला होता. आमच्या पंचवटीतल्या घरी तो जेवायला आला. वडील घाटावरून, यजमानांचं श्राद्ध आटोपून, नुकतेच परतले होते आणि सोवळं सोडत होते. आतेभाऊ मला माजघरात म्हणाला, "तो म्हातारा फळी ठेवेल पुढ्यात. तू सहा म्हण. मोजलं की दोनच्या आत येईल. घाबरायचं नाही. म्हणायचं, मीटरच्या स्वतःच्या रेझिस्टन्समुळे हे रीडिंग खोटं येतंय, खरं सहाच. एवढं बोललीस की तो तुला हात लावणार नाही."

मी ते वाक्य पाठ केलं. अगदी रुद्राच्या संथेसारखं, चालीवर.

त्या कारखान्यात माझ्याबरोबर आणखी एक मुलगी लागणार होती. मुलाखतीच्या दिवशी आम्ही शेजारी शेजारी बसलो होतो. दोघी डिप्लोमा, दोघी एकाच वयाच्या. ती नाशिकरोडकडच्या एका कॉलनीत राहायची, वडील बसडेपोत मेकॅनिक. घरात बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो आहे, हे तिनं पहिल्याच भेटीत, काही विशेष सांगतेय असा आव न आणता सांगितलं. तिचं आडनाव मी घरी सांगितलं तेव्हा आईनं नुसतं "बरं" म्हटलं आणि पोळी तव्यावर टाकली. त्या "बरं"चा अर्थ आमच्या घरात सगळ्यांना कळत होता.

मुलाखतीनंतर आम्हाला सांगण्यात आलं होतं की, दोघींना सहा महिने ट्रेनी म्हणून घेतोय, नंतर एकीलाच कायम करू. टेस्टिंगमध्ये तोवर बाई नव्हती. बायका असत त्या कॉइल गुंडाळायला, पलीकडच्या शेडमध्ये.

पहिल्या दिवशी सकाळी आम्ही सीबीएसवर, नाशिकच्या एसटी स्टँडवर, भेटलो आणि सातपूरच्या बसमध्ये शेजारी बसलो. त्र्यंबक रस्त्याला लागल्यावर तिनं विचारलं, "तुला काही अंदाज आहे का गं, आज काय विचारतील? काही विचारतील असं वाटतं?"

"पहिल्याच दिवशी काय विचारणार," मी म्हटलं. "मशीनं दाखवतील."

यात दोन सेकंद गेले असतील. मी अडखळले नाही, लाजले नाही. उलट मला आठवतं, मी खिडकीतून बाहेर बघत होते आणि मनातल्या मनात माझं वाक्य म्हणून पाहत होते.

साहेबांनी तिला आधी बोलावलं.

ती सहा म्हणाली. मोजलं. काटा पावणेदोनच्या जरा अलीकडे थांबला. तिनं मीटरची पट्टी वाकून, एक डोळा मिटून पाहिली. मीटरच्या वायरी हलवून पाहिल्या, पुन्हा मोजलं. सेक्शनमधले सात-आठ जण हातातली कामं टाकून जवळ आले होते.

"किती?" साहेबांनी विचारलं.

"पावणेदोन."

"मग तुझं सहा खोटं?"

"नाही. हिशोबानं सहाच येतात."

"म्हणजे माझा मीटर खोटा?"

"मीटर पावणेदोन दाखवतोय, सर."

"ते मलाही दिसतंय. आंधळा नाही मी. सहा खरं की पावणेदोन?"

तिनं काट्याकडे पुन्हा एकदा पाहिलं. नंतर म्हणाली, "मला सांगता येत नाही. पण दिसतंय ते पावणेदोन आहे."

आज मला वाटतं, त्या टेबलापाशी उभं राहून एवढं सरळ उत्तर त्या सेक्शनमध्ये कुणीच दिलं नसेल. तिनं सहा सोडलं नाही आणि समोर दिसलेलंही नाकारलं नाही. साहेबांना मात्र ते उद्धटपणाचं वाटलं. ते हिंदीत शिरले. "अच्छा. दिसता है. तो फिर देखो." त्यांनी तिला पन्नास वेळा मोजायला लावलं. दर वेळी मीटर उचलायचा, टेकवायचा, काट्यावरचा आकडा मोठ्यानं बोलायचा. पन्नास वेळा. ती बोलत राहिली, पावणेदोन, पावणेदोन. विसाव्या वेळेनंतर कुणीतरी मागून तिच्याबरोबर बोलायला लागलं. चाळिसाव्या वेळेपर्यंत सगळेच बोलत होते, शाळेत पाढे म्हणतात तसे. चहा आला, निवला. तिचा आवाज बसला होता, पण तिनं एकदाही थांबून साहेबांकडे पाहिलं नाही.

मग माझी पाळी आली. मी सहा म्हटलं, मीटर टेकवला, आणि माझं वाक्य बोलले. साहेब टेबलावर थाप मारून सगळ्यांना म्हणाले, "याला म्हणतात डिप्लोमा."

मागून एक टेस्टर म्हणाला, "आणि तो दुसरा कसा मिळतो ते माहितीये आपल्याला." लोक हसले. तीही तिथेच उभी होती. मी हसले की नाही ते मला आठवत नाही, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. मी हसले.

त्या दिवसापासून तिचं नाव पावणेदोन पडलं. आधी मागे म्हणायचे, मग तोंडावर. "पावणेदोनला सोल्डर दे." "पावणेदोन आली का?" स्टोअरचा माणूस तिच्या चिठ्ठीवर नावाच्या जागी आकड्यात एक पूर्णांक तीन छेद चार लिहायचा. पावणेदोन म्हणजे धड दोनही नाही, असाही एक अर्थ त्यात होता आणि तो सगळ्यांना आवडायचा. मी आठवडाभर ते नाव घेतलं नाही. नंतर एकदा साहेबांनी विचारलं, "तो सप्लाय कुणाकडे आहे?" आणि माझ्या तोंडून गेलं, "पावणेदोनकडे." साहेब खूश झाले. दुसऱ्यांदा ते सोपं गेलं.

बसमध्ये मात्र आम्ही रोज शेजारी बसायचो. ती तिच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी मला द्यायची आणि मी खायचे. कारखान्यात तिला काय नावानं हाक मारली जाते, याबद्दल ती बसमध्ये कधी बोलली नाही. मीही नाही.

साधारण महिन्याभरानं एके सकाळी ती बसमध्ये बसल्याबरोबर तिनं पर्समधून वहीचा कागद काढला. "मला कळलं," ती म्हणाली. तिनं कुठल्याशा वाचनालयातून मोजमापाच्या उपकरणांवरचं एक जाडं पुस्तक आणलं होतं आणि चार संध्याकाळी त्यात घालवल्या होत्या. कागदावर तिनं सगळं मांडलं होतं. मीटर दहा व्होल्टच्या पट्टीवर असताना त्याचा स्वतःचा रेझिस्टन्स दोन लाख ओहम. तो खालच्या दहा लाखांना समांतर येतो. दोघे मिळून होतात एक लाख सहासष्ट हजार. आता बारा व्होल्ट या नव्या जोडीत वाटून टाक. तिनं शेवटचा आकडा चौकोनात लिहिला होता. एक पूर्णांक एकाहत्तर शतांश.

"बघ ना," ती म्हणाली. "काटा पावणेदोनच्या थोडा अलीकडे होता. मी तेव्हाच पाहिलं होतं, पण बोलायला भीती वाटली. बरोबर एक पूर्णांक एकाहत्तर. म्हणजे मी वाचलं ते खरं होतं, आणि ते तसंच का यावं हेही आता मांडता येतं."

तिचा चेहरा असा उजळला होता की मला तो सहन होईना. मला तर हे कुठे मांडता आलं असतं? मला एक वाक्य पाठ होतं. काटा नेमका कुठे थांबायला हवा, हे मी कधी काढून पाहिलं नव्हतं.

"अगं, हे सगळ्यांनाच माहीत असतं," मी म्हटलं.

तिनं कागदाची घडी घातली. सातपूर येईपर्यंत ती बाहेर बघत राहिली.

त्या दिवशी चहाच्या वेळी तिनं तो कागद साहेबांना दाखवला. त्यांनी तो नीट वाचला, हे मी पाहिलं. ओठ हलत होते, म्हणजे ते हिशोब तपासत होते. मग तो कागद त्यांनी चहाच्या ग्लासाखाली ठेवला आणि म्हणाले, "लढाई आटोपल्यावर बंदूक आणलीस?" सगळे हसले. ग्लासाचं ओलं वर्तुळ कागदावर उमटलं. नाव बदललं नाही.

पण ती त्या दिवसानंतर वेगळी झाली. कुठलंही रीडिंग घेण्याआधी ती मीटर काय खाईल याचा हिशोब पेन्सिलनं कडेला करायची. कुठे साधा मीटर चालेल आणि कुठे चालणार नाही, हे तिला जोडणी बघूनच कळायला लागलं. अशा जागांसाठी साहेबांच्या कपाटात एक इलेक्ट्रॉनिक व्होल्टमीटर होता. तो जवळजवळ काहीच ओढत नसे. पण तो हवा असेल तर साहेबांकडे मागायला लागायचा, ते चार प्रश्न विचारायचे, मग किल्ली द्यायचे. ती रोज मागायची आणि रोज ऐकून घ्यायची. मी मागत नसे.

पाचव्या महिन्यात आमच्याकडे कंट्रोल पॅनेलच्या कार्डांची, म्हणजे सर्किटच्या पाट्यांची, एक मोठी ऑर्डर आली. प्रत्येक कार्डावर एक छोटा स्क्रू होता. तो फिरवून एका ठरावीक जागेवर पाच व्होल्ट आणायचे, आणि पुढचं सगळं काम त्या पाचावर चालायचं. ती जागा दोन मोठ्या रेझिस्टन्सच्या मधली होती. थोडक्यात, साहेबांचीच फळी, फक्त लाकडाची नव्हती. मी ते ओळखायला हवं होतं. ओळखलं नाही. पहिल्या टप्प्यातली तीस कार्डं माझ्याकडे होती. मी साधा मीटर लावला, काटा पाचावर येईपर्यंत स्क्रू पिळला, रजिस्टरला सही केली, पुढचं कार्ड घेतलं. तासाला सहा. माझा वेग बघून साहेब म्हणाले, "शाबास."

मीटर काढला की त्या जागेवर पाचाऐवजी साडेसात व्हायचे. तीसच्या तीस कार्डांवर.

त्यातली बारा कार्डं पॅनेलमध्ये बसून बाहेरगावी गेली. उरलेली अठरा दुसऱ्या तपासणीसाठी तिच्याकडे आली. तिनं इलेक्ट्रॉनिक मीटर लावला आणि साडेसात पाहिले. दुसरं कार्ड, साडेसात. तिसरं. अठराही कार्डं तिनं त्या दिवशी तपासली आणि कुणाला काही न बोलता शेल्फवर ठेवून दिली.

परतीच्या बसमध्ये तिनं मला सांगितलं. शेजारच्याला ऐकू जाऊ नये म्हणून ती माझ्या कानाशी बोलत होती. "तू साध्या मीटरवर सेट केलीस ना? सगळी वर आहेत. घाबरू नको. उद्या साडेसातची बस पकडू, साहेब यायच्या आधी दोघी मिळून अठरा करून टाकू. गेलेल्या बारांचं बघू, तिथल्या माणसाला फोन करून स्क्रू कुठे फिरवायचा ते सांगता येईल. कुणाला कळायची गरज नाही."

मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "तू होतीस म्हणून." ती हसली. सीबीएसला उतरताना ती पुन्हा म्हणाली, "साडेसातची. विसरू नको."

मी सातची पकडली.

का, ते तेव्हा मला नीट ठाऊक नव्हतं. मी आधी जाऊन कामाला लागणार होते, असं मी स्वतःला सांगितलं होतं. कारखान्यात शिरले तर साहेब आलेले होते. टेबलावर तीन जळकी कार्डं पडली होती. आदल्या संध्याकाळीच गिऱ्हाइकाचा माणूस ती घेऊन आला होता. जळक्या बेकेलाइटचा वास खोलीभर पसरला होता. साहेबांसमोर रजिस्टर उघडं होतं आणि माझ्या सहीवर त्यांचं बोट होतं.

"ये," ते म्हणाले. "ही तुझी?"

मी म्हटलं, "सही माझी आहे, सर. रीडिंग तिची होती. ती मोजत होती, मी लिहून घेत होते."

वाक्य आपोआप आलं. कुणी शिकवलं नव्हतं, पाठ केलं नव्हतं.

साहेबांनी रजिस्टर मिटलं. "पावणेदोन," ते म्हणाले, जणू आता काही विचारायचं उरलं नाही.

ती सव्वाआठला आली. मला साडेसातच्या बसमध्ये शोधून, एक बस सोडून आली होती, हे तिच्या धापेवरून कळत होतं. दारातच तिनं मला पाहिलं, मग जळकी कार्डं पाहिली. साहेबांनी तिला विचारलं. ती म्हणाली, "ती रीडिंग माझी नव्हती, सर. अठरा कार्डं चुकीची आहेत हे काल मला सापडलं."

"सापडणारच. तूच ठेवली होतीस."

"नाही, सर. तुम्ही यांना विचारा." तिनं माझ्याकडे बोट केलं नाही, नुसतं पाहिलं. त्या सेक्शनमध्ये तिनं मला 'यांना' म्हटलेलं ते पहिल्यांदाच.

"मी सरांना सांगितलंय," मी म्हटलं.

ती माझ्याकडे पाहत राहिली. राग असता तर मला बरं वाटलं असतं. ती एखादं न समजणारं रीडिंग बघावं तशी बघत होती, दुसऱ्यांदा मोजून खात्री करावी तशी. मग तिची खात्री झाली असावी. तिनं मान खाली घातली.

साहेबांनी तिला लगेच काढलं नाही. आधी ती अठरा कार्डं तिच्याकडून सगळ्यांसमोर उभ्यानं सेट करून घेतली. स्टूल काढून घेतलं. जेवणाच्या सुट्टीतही सोडलं नाही. ती एकेक कार्ड घ्यायची, इलेक्ट्रॉनिक मीटर लावायची, स्क्रू केसभर फिरवायची आणि पाच व्होल्ट आले की साहेबांना मोठ्यानं "पाच" म्हणून सांगायची. अठरा वेळा. एकही चुकलं नाही. शेवटचं कार्ड ठेवल्यावर साहेब म्हणाले, "सोमवारपासून येऊ नकोस. ऑफिसात कागद तयार आहे."

तिनं टेबलाच्या खणातून तिची पेन्सिल आणि डबा घेतला. डबा भरलेलाच होता. ती दार ओलांडत असताना एकानं तिला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हटलं, "चला, राउंड फिगर झाली."

संध्याकाळच्या बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी होती. एक बाई पिशव्या घेऊन येऊन बसली आणि मला सरका म्हणाली. मी सरकले.

पुढच्या महिन्यात मी कायम झाले. आईनं पेढे आणले, वडिलांनी देवापुढे ठेवले. लोक म्हणतात तसं मन खाणं वगैरे मला लगेच झालं नाही. मला हलकं वाटलं होतं. मी उत्साहानं कामाला लागले, तिनं वापरलेलं ते जाडं पुस्तक शोधून आणलं आणि पहिल्यापासून वाचलं. वर्षभरात मला तो विषय खरोखर यायला लागला. विषय जसजसा यायला लागला, तसतसं तिनं त्या कागदावर किती चांगलं काम केलं होतं हेही कळायला लागलं, आणि मग त्रास सुरू झाला. तो आधी झाला असता तर काही उपयोग होता.

साहेब चार-पाच वर्षांनी तिथूनही निवृत्त झाले. त्यांचा निरोपसमारंभ झाला, हार-नारळ झाले. मी त्यांना देवळाली कॅम्पातल्या त्यांच्या घरापर्यंत पोचवायला गेले, कारण तोवर मी त्यांच्या खालोखाल होते. त्यांच्या व्हरांड्यात बसून मी एकदाचं बोलले. ती रीडिंग माझी होती, मी खोटं बोलले होते.

त्यांनी हाराच्या पाकळ्या शर्टावरून झटकल्या. "मालूम था," ते म्हणाले. "तीस रीडिंग, तिसांतही नेमकं पाच पूर्णांक शून्य. ती अशी लिहायचीच नाही. तिच्या रीडिंगला कडेला पेन्सिलचा हिशोब असायचा."

"मग तुम्ही तिला का काढलं?"

"कायम तुलाच करायचं ठरलं होतं. तुम्ही दोघी आलात त्याच दिवशी. फक्त तिचं काम चांगलं होतं, त्याची अडचण होती. तू ती सोडवलीस." मग घरात हाक मारून त्यांनी माझ्यासाठी सरबत आणायला सांगितलं. सरबत आलं, मी ते प्यायले. नाही म्हणायचं मला सुचलं नाही.

तिचा पत्ता मी शोधला नाही. कॉलनी माहीत होती, जाऊन विचारता आलं असतं. दोनदा नाशिकरोडला उतरलेही, आणि स्टेशनावर चहा पिऊन परत आले.

ती भेटली ती अचानक, ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा, सीबीएसवरच. दुपारची वेळ. ती सटाण्याच्या गाडीची वाट बघत उभी होती, कडेवर दोन-अडीच वर्षांची मुलगी. मी ओळखलं, तिनंही ओळखलं. पळून जाण्याइतकी गर्दी नव्हती. मी जवळ गेले.

सटाण्याला एका शाळेत ती विज्ञान शिकवत होती. नवरा तिकडचाच, त्याच शाळेत. तिनं हे सगळं सरळ सांगितलं, विचारलं तेवढंच. मग म्हणाली, "एक विचारायचं होतं. त्या पहिल्या दिवशी, फळीचं, तुला आधीपासून माहीत होतं?"

तिला कार्डांबद्दल विचारायचं नव्हतं. तिथे तिची खात्री झालेली होती.

"हो," मी म्हटलं. "आतेभावानं सांगितलं होतं."

"बसमध्ये मी विचारलं तेव्हाही?"

"हो."

तिनं मान हलवली. "माझी आई त्याच संध्याकाळी म्हणाली होती. म्हणाली, त्या मुलीला ठाऊक असणार, तिनं तुला सांगितलं नाही. मी आईशी भांडले. म्हटलं, तू सगळ्यांना एकाच मापानं मोजतेस, ही तशी नाही. दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही, तुझ्यासाठी." मुलगी तिच्या गळ्यातली पोत ओढत होती, तिनं तिचा हात सोडवला. "आई मागच्या वर्षी गेली. तिला हे सांगायचं राहिलं."

"माझं चुकलं," मी म्हटलं.

"चुकलं नाही. तू केलंस," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. वर्गात एखाद्या मुलीचं उत्तर दुरुस्त करताना काढतात तो आवाज होता.

मी मुलीच्या डोक्यावर हात ठेवायला गेले. तिनं मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं. गाडी फलाटाला लागली, लोक खिडक्यांतून रुमाल टाकून जागा धरायला धावले. तिच्यापाशी एक जड पिशवी होती. मी ती उचलायला वाकले, तर ती म्हणाली, "राहू दे," आणि मुलीला सांभाळत, पिशवी पायरीवर आपटत, एकटीच वर चढली. तिला बसायला जागा मिळाली की नाही, ते मला खालून दिसलं नाही.